परबकाकांच्या इंजिनातला ठोका

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत इंजिन उघडायचं असेल तर आधी गाऱ्हाणं घालावं लागतं. नियम परबकाकांचा. कोकणात देवळात घालतात तसंच, नारळ-विडा ठेवून. फक्त समोर देव नसतो, जिन्याखालच्या बाकड्यावर मोटरसायकलचं तेलकट इंजिन असतं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या यंत्र उघडूचा असा. काय चूकभूल झाली असात तर पोटात घाल, आणि माझे हात शाबूत ठेव म्हाराजा!"

यावर कुणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणायला लागतं. ते काम माझ्याकडे, कारण माझी खोली काकांना लागून. मी भोईवाड्याच्या कोर्टात कारकून. जन्म गेला "पुरावा काय?" ऐकण्यात, भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. तरी नारळ धरून उभा राहतो. काकांना नाही कोण म्हणणार?

काका गिरणीतले फिटर. गिरणी गेली, फिटर राहिला. गाडी त्यांच्या लग्नाच्याही आधीची, विलायती, एका सिलिंडरची. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते लोखंडाची बाजू घेऊन. "माणूस खोटा बोलता. लोखंड खोटा बोलणा नाय." माझी स्कूटर बिघडली तर मला काही विचारत नाहीत. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, आणि सरळ तिच्याशीच बोलणं. एकदा म्हणाले, "तुझी स्कूटर तुका कंटाळली हा." दोन दिवस तिच्यावर बसायचा मला धीर झाला नाही.

काकांच्या गाडीच्या पोटात एक ठोका होता. टक-टक, टक-टक. गाडी कोपऱ्यावर वळली की अख्ख्या चाळीला कळायचं. गणपतीनंतर काकांच्या मनात आलं, आता आपलं वय झालं, एकदा गाडी चोख करून ठेवू. इंजिनात दोन जड चाकं असतात, फ्लायव्हील म्हणतात. त्यांना जोडणाऱ्या पिनेवरचं बेअरिंग झिजलं होतं. काकांनी नवं घातलं, ठोका गेला. गाडी अशी चालायला लागली की बंद आहे की चालू, कळेना. मी तर पेढे मागितले.

तीन आठवड्यांनी काका पुन्हा माझ्या दारात. "नारळ धर. परत उघडतंय."

"अहो, आत्ताच तर उघडलंत!"

काका बाकड्यासमोर उभे राहिले, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या इंजिनातली खोट मी माझ्या हातान काढलंय. ती होती तशी परत बसांदे रे म्हाराजा!"

मी सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळा झालो, आणि मग तोंडाचा आ वासला. खोट काढ म्हणून साकडं घालतात, खोट घाल म्हणून कोण घालतं? म्हटलं, झालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

काकांनी चाकांचा शाफ्ट वाईसच्या पकडीत धरला, पिनेचे नट सोडले, चाकांमध्ये पुलर, म्हणजे ओढून सोडवायचं अवजार, लावून आवळला आणि हात पुसून चक्क बसून राहिले.

"आता हातोडो मारूचो नाय. पिन आपणहून सुटतली. सुटली की सांगतली."

तिन्हीसांजा झाल्या. दिवा कुणी लावला नव्हता. आत काकांच्या खोलीत काकी बसल्या होत्या, उंबऱ्याकडे तोंड करून. वर्षभरापासून त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक. बाहेर चिटपाखरू नाही, रस्त्यावर गाडी नाही, बाकड्यावर नुसती आवळून ठेवलेली चाकं. आणि काकी मान वर करून एकदम म्हणाल्या, "इले." म्हणजे आले.

मग धाडकन आवाज झाला. पिनेवरून चाक सुटलं होतं. मी नारळासकट उडालो. पण कोर्टाच्या सवयीनं सांगतो, आधी काकी बोलल्या, आवाज नंतर. हवी तर उलटतपासणी घ्या. खोटं कशाला बोलू?

काका आत गेले, त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "इलंय गो मी."

काकी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. "गाडी खंय वाजली? ते अजून येवक नाय."

नवरा हातभर अंतरावर बसलाय आणि ही बाई त्याची वाट बघतेय. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बाहेर येऊन चाकं पुसता पुसता काकांनी सांगितलं. लग्न झाल्यापासून काकी नवरा घरी आल्याशिवाय जेवल्या नाहीत. माणसं विसरल्या, पण ठोका विसरल्या नाहीत. ठोक्यामागून जो दारात येईल तो आपला नवरा, एवढं त्यांना कळायचं. ठोका गेला आणि नवरा घरी यायचाच थांबला. तीन आठवडे ताट पुढ्यात, हात मांडीवर. भरवलेली दोन चमचे पेज, तीही कशीबशी.

"मीच काढलंय," काका म्हणाले, आणि माझ्यादेखत लहान पोरासारखे रडले.

झिजलेलं बेअरिंग त्यांनी डब्यात ठेवलं होतं. गिरणीची सवय, टाकायचं काही नाही. ते परत घातलं आणि दोन दिवस तांब्याच्या हातोडीनं चाकं एका रेषेत आणायला ठोकत, फिरवून बघत, पुन्हा ठोकत बसले. "खोट बसवक हात जास्त लागता," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला काका गाडी घेऊन कोपऱ्यापलीकडे गेले. मी काकींजवळ बसलो. आणि आलं. टक-टक, टक-टक.

काकी उठल्या. पदर सारखा केला, काकांनी करून ठेवलेला भात दोन ताटांत वाढला. काका दारात आले. दम लागलेला, चेहरा नवरदेवाचा.

"या, बसा," काकी त्यांना म्हणाल्या. "ते येतले आता. गाडी लावूक गेलेत."

काकांनी चपला काढल्या आणि पाहुण्यासारखे भिंतीशी टेकून बसले. काकींनी दाराकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि दुसरं ताट हळूच त्यांच्यापुढे सरकवलं. "तुमी जेवा. ते रागावूचे नाय."

आणि स्वतः घास घेतला. मग दुसरा.

मी उठलो. काकांनी भाताला हात लावला नव्हता. तिच्याकडे बघत, ती ऐकणार नाही इतक्या हळू ते मला म्हणाले, "बघितलंस? जेवता हा."