साध्या पाण्याची बरणी

कारखान्याच्या केमिस्टने आपल्या खोलीच्या खिडकीत काचेच्या दोन मोठ्या बरण्या मांडल्या आणि वर पाटी लावली : "तीस दिवस हात लावू नये." एकीत नुसतं पाणी. दुसरीत तेच पाणी, शिवाय त्याने सहा वर्षं खपून तयार केलेलं सेंद्रिय रसायन. दोन्हींत दोऱ्याला टांगलेली लोखंडाची एकेक पट्टी. आपलं रसायन लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा थर चढवतं आणि पाण्यातल्या पाइपांना गंजू देत नाही, असं केमिस्टचं म्हणणं होतं. सहा वर्षांत आपल्याला फक्त केमिस्टचे केस गेलेले दिसले, असं मॅडमचं म्हणणं होतं.

"महिना देते," मॅडम म्हणाल्या. "साध्या पाण्यातली गंजली आणि तुमची वाचली, तर माल बाजारात. नाहीतर खोली रिकामी करा. मला तिथे पिंपं ठेवायचीत."

मॅडम म्हणजे साहेबांच्या पत्नी. कारखान्याच्या पाटीवर नाव साहेबांचं होतं, कागदांवर सह्या मॅडमच्या. डॉक्टरांनी साहेबांचं दूध आणि साखर तोडल्यापासून सगळ्या ऑफिसचा चहा कोरा झाला होता. मॅडम तो स्वतः उकळायच्या, चार वाजता साहेबांच्या हातात कप द्यायच्या आणि काचेच्या केबिनमधून तो रिकामा होईपर्यंत नजर ठेवायच्या. हल्ली साहेब कप घेऊन थेट केमिस्टच्या खोलीत जात. त्या वेळी केमिस्ट टाकीच्या पाण्याचे नमुने आणायला खाली गेलेला असे, तरी साहेब जात. साहेबांना संशोधनाची एवढी ओढ लागलेली पाहून केमिस्टला गहिवरून येई.

आठवड्याभरात साधं पाणी तपकिरी झालं. केमिस्टने वहीत लिहिलं, "गंज. समाधानकारक." पंधराव्या दिवशी ते काळपट दिसू लागलं. "अतिसमाधानकारक." विसाव्या दिवशी पाणी आटण्याऐवजी बोटभर वाढलेलं दिसलं. इथे माणसाला प्रश्न पडायला हवा. पण सगळं मनासारखं घडत असताना प्रश्न पाडून घेतो कोण? त्याने लिहिलं, "गंज फुगतो."

तिसाव्या दिवशी मॅडम आल्या. मागोमाग साहेब. केमिस्टने आधी आपली पट्टी काढली. लख्ख! मग जादूगाराच्या ऐटीत साध्या पाण्यातली वर ओढली. तिच्यावर निळसर काळी झाक होती. गंज औषधालाही नव्हता.

"म्हणजे काहीच न घालता पण गंजत नाही," मॅडम म्हणाल्या. "पिंपं कधी आणवू?"

केमिस्टने घाम पुसला. बरणी उचलून नाकाशी नेली. तळाला हात घातला. बोटांना भिजलेली पत्ती लागली.

"मॅडम, हा चहा आहे!" तो ओरडला. "चहातही तसंच द्रव्य असतं, लोखंडावर थर धरणारं! कोणीतरी रोज..."

साहेब मॅडमच्या पाठीमागे उभे होते. त्यांनी आधी ओठांवर बोट ठेवलं, मग हात जोडले.

केमिस्टने पिंपांचा विचार केला. मग साहेबांचा केला.

"... म्हणजे मीच," तो म्हणाला. "तुलनेसाठी. सांगायचं राहिलं."

"मग चहा आणि साधं पाणी, दोन्ही वेगवेगळे ठेवून परत करा. आणखी एक महिना," मॅडम म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

साहेबांनी केमिस्टचे दोन्ही हात धरले. "तुझ्या औषधात एक थेंब टाकला नाही रे. तेवढी अक्कल आहे मला. म्हटलं, साध्या पाण्याचं काय बिघडणार आहे?"

"सिंकमध्ये ओतायचा होतात, साहेब!"

"सिंक तिच्या केबिनमधून दिसतं."

चार वाजता मॅडम ट्रे घेऊन खोलीत आल्या. ट्रेमध्ये तीन कप होते. एक त्यांनी नव्या तिसऱ्या बरणीत ओतला. मग तिथलीच खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या.

"अहो, इतका गंज थांबवतो म्हणे हा चहा," त्या साहेबांना म्हणाल्या. "आणि तुमचे गुडघे तर केव्हापासून कुरकुरतायत. आजपासून दोन कप. घ्या, मी बसलेय."