घरची असल्यामुळे अपात्र

जुनं गाणं एकट्याने पुन्हा गायलं की ते जुनंच राहतं आणि पाहुण्याबरोबर गायलं की नवं होतं, हे आता सर्वमान्य आहे. त्यामुळे बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांची गाजलेली गाणी पाहुण्यांसह पुन्हा ध्वनिमुद्रित करायचं रेकॉर्ड कंपनीने ठरवलं, तेव्हा बाईंनी लगेच होकार दिला. त्यांची पाहुणी कधीचीच ठरलेली होती. धाकटी बहीण.

बाईंच्या सगळ्यात गाजलेल्या अंगाईत त्यांची ओळ संपली की तीच ओळ हळूच पुन्हा म्हणणारा एक आवाज आहे. तो धाकटीचा. रेकॉर्डवर जागा कमी पडल्यामुळे नाव एकट्या बाईंचंच छापलं गेलं. (कारखान्याचा पत्ता मात्र पूर्ण आला.) धाकटीने कधी ब्र काढला नाही आणि नेमकं तेच बाईंना आयुष्यभर सलत होतं. डोळे मिटायच्या आत तिचं नाव छापलेलं बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

पाहुणे निवडणारी समिती मोठी काटेकोर. पाहुणा प्रसिद्ध हवा आणि त्याला गाता येता कामा नये, कारण तो बरा गायला तर मूळ गायिकेचा उपमर्द होतो. या कसोटीवर एक कुस्तीगीर, टीव्हीवर हवामान सांगणारी मुलगी आणि एक नामांकित दंतवैद्य उत्तीर्ण झाले. (विरहगीतातला हुंदका कुस्तीगिराने दिला. त्यात माइक वाकला. तो आवाज रसिकांसाठी तसाच ठेवला आहे.)

"आणि माझी बहीण?" बाईंनी विचारलं.

"बाई, त्या तर गाण्यात आधीपासूनच आहेत," कंपनीचे मॅनेजर म्हणाले. "घरच्या माणसाला पाहुणा कसं म्हणायचं?"

"मग नुसतं नाव तरी छापा तिचं!"

"नाव पाहुण्यांचंच छापतो हो आपण."

मॅनेजर मनाने चांगले. तोडही त्यांनीच काढली. मूळ गाण्यातून धाकटीचा आवाज पुसायचा, म्हणजे ती परकी होईल आणि मग तिला रीतसर बोलावता येईल. बाईंना ते पटलं. आवाज पुसला गेला.

धाकटी ठेवणीतले कपडे घालून आली आणि समितीपुढे एक ओळ गायली. समितीतल्या दोघांना रडू कोसळलं. तिला एकमताने नापास करण्यात आलं.

अंगाई दंतवैद्यांनी गायली. (चाचणीसाठी झोपवलेली सगळी मुलं उठून बसली. याची नोंद 'उत्स्फूर्त प्रतिसाद' अशी झाली.)

"अगं, नाव मिळवून द्यायला गेले आणि होता तो आवाजही घालवून बसले मी!" बाई घरी येऊन ढसाढसा रडल्या.

"जाऊ दे गं ताई," धाकटी म्हणाली. "कुणाच्या लक्षात तरी येणारे का?"

"येईल! लोकांना कान आहेत!" बाई म्हणाल्या.

त्यांचा आपणा रसिकांवर फार विश्वास.

नवं गाणं ऐकून आपण नाक मुरडलंत. मूळ गाण्याची सर नाही, असं कंपनीला खडसावून कळवलंत. आपल्या भावनांचा आदर राखून कंपनीने मूळ गाणं पुन्हा बाजारात आणलं. पुसलेलंच, दुसरं होतं कुठे? ते ऐकून आपण डोळे टिपलेत आणि म्हणालात, "हेच ते! जसंच्या तसं! आणि दोन ओळींमधली ती शांतता... ती आता कुणाला जमायची नाही."