साहेबराव आणि एक्केचाळीस नावं

आमच्या ऑफिसात केलेलं काम जमा करायचं तर आधी त्याचं कारण लिहावं लागे. कारण दहा शब्दांपेक्षा लहान असेल तर सर्व्हर ते काम परत फेकी. हा नियम कंपनीचा नव्हता, मालकांना तर तो माहीतही नव्हता. तो साहेबरावांनी एका रविवारी गुपचूप सर्व्हरमध्ये बसवला होता.

एका मुलानं एकदा दहा वेळा 'क' लिहून काम पुढं सरकवलं. सर्व्हर फसला, साहेबराव फसले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत ते डबा आणि स्टूल घेऊन त्या मुलाच्या शेजारी येऊन बसले.

"कारण सांगा. मी ऐकतो."

"सर, छोटंसं काम होतं."

"छोटं का मोठं ते इचारलंच नाय. काहून केलं ते इचारलं."

भाकरी झाली, ठेचा झाला, डबा धुऊन झाला, तरी साहेबराव हलेनात. शेवटी तो मुलगा सांगायला लागला आणि सांगता सांगताच त्याच्या लक्षात आलं, आपण भलतीच ओळ खोडली आहे. साहेबरावांनी स्टूल उचललं आणि "व्हय, म्हणून लिवायचं असतं" एवढं बोलून ते गेले.

त्यांच्या नावाची एक अडचण होती. नवीन आलेला माणूस त्यांना 'साहेबराव सर' म्हणे. मग ते हात वर करून थांबवत. "नुसतं साहेबराव म्हणा. साहेब झालं, राव झालं, वर आणखी सर कशाला?" तरी सगळे सरच म्हणत.

मी त्या कंपनीत लागले तेव्हा आम्ही बाराजण होतो. चितेगाव, शेंद्रा इथल्या कारखान्यांसाठी आम्ही हजेरीचं आणि गेटपासचं सॉफ्टवेअर लिहायचो. साहेबराव सगळ्यांत जुने. गंगापूरच्या पुढचं गाव, घरात मेंढरं, वडील वर्षातले आठ महिने कळपामागं. या मुलानं मात्र डिप्लोमा केला आणि शहरात एका खोलीत एकटाच राहून पन्नाशी गाठली. लग्नाचं विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं." जशी एखादी पिशवी गाडीत राहून जावी.

ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दहाजण मिळून एकच सॉफ्टवेअर लिहितात, तेव्हा कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारी एक व्यवस्था लागते. आमची व्यवस्था जुनी होती. सगळं एका सर्व्हरवर. ज्याला फाईल हवी त्यानं ती घ्यायची, मग तिला त्याच्या नावाचं कुलूप लागायचं आणि त्यानं परत ठेवेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. दिवसातून दहादा साहेबराव आपल्या खोलीच्या दारात येऊन विचारत, "हजेरीची फाईल कोणाच्या हातात हाय?" आणि ज्याच्या हातात असे तो शाळेतल्यासारखा उभा राही.

ती वर्षं दुष्काळाची होती. नळाला आठवड्यानं पाणी, तेही बारीक धारेनं. ऑफिसच्या इमारतीला टँकर यायचा, कधी नाही यायचा. सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला होता आणि तिथं पत्र्याचा कूलर लावला होता. त्या कूलरला पाणी लागे. साहेबराव रोज घरून स्कूटरवर वीस लिटरचा कॅन घेऊन येत. आम्ही बाथरूमला जाताना अर्धी बादली मोजून वापरायचो आणि सर्व्हर मात्र दिवसभर गारव्यात. एकदा मी म्हटलं, "सर, निदान तोंड धुण्यापुरतं तरी द्या त्यातलं."

"ताई, तुमचं तोंड एक दिवस नाय धुतलं तर काही पुसलं जाणार नाय," ते म्हणाले. "याच्यातलं पुसलं जाईल."

त्यांच्या स्वतःच्या नोंदी वाचण्यासारख्या असत. 'गेटपासवर तारीख उलटी येत होती. कारखान्याच्या वॉचमननं दाखवलं. त्याचं बरोबर होतं, आपलं चुकलं. दुरुस्त केलं. आज ऊन लई.' असं रोजच्या रोज, बारा वर्षं.

मग तो लग्नाचा प्रकार झाला. साहेबराव पुतणीच्या लग्नाला गावी गेले आणि हजेरीच्या फाईलला त्यांचं कुलूप तसंच राहिलं. इकडे कारखान्यातून फोनवर फोन, पाचशे कामगारांची हजेरी अडलेली. मी त्यांना फोन लावला. मागं ताशा वाजत होता.

"सर, तुमचं कुलूप तोडू का? मला पद्धत माहीत आहे."

"तोडायचं नाय. ज्याचं त्यानं काढायचं. आलो."

तीन तासांनी ते आले. गंगापूरपर्यंत जीप, पुढं एसटी. डोक्याला फेटा, गालाला हळद. खोलीत गेले, एक बटण दाबलं, उभ्याउभ्या चहा घेतला आणि लग्नाला परत गेले. पुतणीची पाठवणी चुकली ती चुकलीच.

याच सुमारास कंपनी वाढली. जालना रस्त्याच्या पुढं नवीन इमारत घेतली आणि पुण्याहून ऋतुजा नावाची टीमप्रमुख आली. हुशार, बोलायला मोकळी, कामात झटपट. लग्नाचा किस्सा ऐकून ती आधी खूप हसली आणि मग म्हणाली, "हे बंद करायचं. नव्या जागेत जाण्याआधी गिटवर जायचं. पंधरा दिवस."

गिट म्हणजे नोंदी ठेवायची नवी व्यवस्था. तिनं सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. साहेबराव पहिल्या रांगेत, वही उघडून.

"म्हणजे एकच फाईल एकाच वेळी सगळ्यांच्या हातात?"

"हो."

"आन दोघांनी एकच ओळ बदलली तर?"

"तर ते दोघांच्या कामात भांडण दाखवतं. मग आपण बसून सोडवायचं."

साहेबरावांनी वहीत लिहिलं आणि शेजारच्याला ऐकू जाईल इतपत म्हणाले, "भांडणाची सोय केली म्हणायची."

"यात सगळ्या नोंदींसकट पूर्ण प्रत प्रत्येकाच्या मशीनवर असते," ऋतुजा सांगत होती. "लॅपटॉप घरी न्या, गावाला न्या. नेट नसलं तरी काम करता येतं. परत आल्यावर जोडून टाकायचं."

"गावाला?"

"कुठंही."

यावर साहेबरावांनी वही मिटली. दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. फाईल कोणाच्या हातात आहे हेही विचारलं नाही. ते रागावलेत असं आम्ही धरून चाललो. तिसऱ्या दिवशी ते ऋतुजाच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"चांगलं हाय तुमचं गिट. जाऊ या. पण जुन्या नोंदी संगं घेऊन."

इथं अडलं. ऋतुजाला फक्त आजचं सॉफ्टवेअर न्यायचं होतं. बारा वर्षांच्या नोंदी हलवायच्या तर कटकट फार. जुन्या व्यवस्थेत प्रत्येकाला नुसतं एक लॉगिन असे आणि नव्या व्यवस्थेत प्रत्येक लॉगिनसमोर माणसाचं पूर्ण नाव आणि ईमेल द्यावं लागे. अशी एक्केचाळीस लॉगिनं होती. त्यातली बारा माणसं ऑफिसात, बाकीची देशभर पांगलेली.

"सगळ्यांसमोर 'माजी कर्मचारी' लिहून टाकू," ऋतुजा म्हणाली.

"नाय," साहेबराव म्हणाले. वरिष्ठाला त्यांनी सरळ नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "शुक्रवारपर्यंत नावं आणून देतो. नाय आणली तर तुम्ही म्हणाल तसं."

आणि साहेबराव फोनला बसले. त्यांचं फोनवरचं बोलणं अर्ध्या ऑफिसला ऐकू जायचं, कारण गाव जितकं लांब तितका आवाज मोठा लागतो अशी त्यांची समजूत होती. पुण्याला साधारण, हैदराबादला जरा वर, आणि बंगळुरूचा फोन असला की आम्ही कानात बोळे घालायचो.

बंगळुरूच्या एकाला वाटलं, जाताना नेलेली लॅपटॉपची बॅग परत मागायला फोन आलाय. तो आधीच माफी मागून मोकळा झाला. "बॅग राहू द्या," साहेबराव ओरडले, "नाव कसं लिवू ते सांगा." एकीनं विचारलं, माहेरचं लिहायचं की सासरचं. "काम केलं तवा जे होतं ते," साहेबरावांनी निकाल दिला. शबाना म्हणून आमची जुनी सहकारी होती, आता कुठल्याशा शाळेत शिकवत होती. तिचा फोन त्यांनी स्पीकरवर टाकला होता.

"सर, मेरा नाम अबी तक है क्या वहाँ?"

"हाय ना. दोनशे सात जागी."

मग ती म्हणाली, "सर, आप कैसे हो?"

"मी? मी काय, बरा हाय," साहेबराव गडबडीनं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. प्रत्येक फोनच्या शेवटी हाच प्रश्न येई आणि प्रत्येक वेळी ते असेच गडबडत.

गुरुवारी दुपारपर्यंत चाळीस नावं झाली. एक लॉगिन उरलं. 'टेंप थ्री', म्हणजे कोणातरी तात्पुरत्या माणसाला दिलेलं. अकरा नोंदी, सगळ्या हजेरीच्या. ऋतुजा समजुतीनं म्हणाली, "एकच राहिलंय सर. सोडून द्या."

साहेबराव माझ्या टेबलाशी आले. "ताई, चितेगावला येता का माझ्यासंगं? मला एकट्याला बोलता यायचं नाय."

स्कूटरवर मागं बसून, पैठण रस्त्याच्या धुळीत, मला ते कळलं. टेंप थ्रीचं नाव सुरेखा. त्यांच्याच गावाकडची, मेंढपाळाच्या घरातली, तंत्रनिकेतनात शिकणारी. साहेबरावांनीच तिला उन्हाळ्यापुरती कामाला लावली होती. त्या वर्षी पाण्यावाचून मुलींचं वसतिगृह बंद झालं आणि तिला गावी जावं लागलं. जाताना तिनं विचारलं होतं, "सर, घरी नेऊन करू का काम?"

"मी म्हणालो, फाईल बाहेर जात नाय," साहेबराव पुढं बघत म्हणाले. "नियमच होता. ती गेली. शिक्षण बी तिथंच राहिलं. आता चितेगावच्या कारखान्यात हजेरीला हाय म्हणत्यात."

कारखान्याच्या गेटबाहेर आम्ही थांबलो. शिफ्ट सुटली. हजेरी विभागातली कोणी सुरेखा, असं वॉचमनला विचारलं, तशी तिशीची एक बाई पुढं आली. खांद्याला डबा, गळ्यात ओळखपत्र. तिनं साहेबरावांना लगेच ओळखलं.

साहेबरावांनी रस्ताभर जुळवलेलं बोलणं विसरून एकदम विचारलं, "नाव कसं लिवू?"

मी मध्ये पडून सगळं समजावून सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "सर, आता कशाला? तीन महिने तर होते मी."

"टँकरच्या दिवशी उशीर झाला तर हजेरी कापू नये, ती सोय कोणी केली?"

"मी."

"ती आजबी सगळ्या कारखान्यांत चालू हाय."

"म्हायतीय की सर," ती म्हणाली. "मीच वापरते इथं रोज. पोरींना सांगते, हे मी बनवलंय. कोणी खरं मानत नाय."

साहेबरावांनी जुन्या नोंदी भरून आणलेला लॅपटॉप काढून स्कूटरच्या सीटवर ठेवला. तिनं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर. त्यांनी ते यादीत घातलं आणि त्या नोंदी नावांसकट गिटमध्ये नव्यानं उतरवायला लावल्या. त्याला वीस मिनिटं लागणार होती. कंपनीची बस हॉर्न वाजवत होती. सुरेखानं हातानंच जा म्हणून सांगितलं, आणि तिच्याबरोबरच्या तिघी बसमधून खाली उतरून आल्या. आम्ही सगळ्यांनी टपरीवर चहा घेतला.

नोंदी उतरल्या. पडद्यावर अकरा ओळी आणि प्रत्येक ओळीपुढं तिचं पूर्ण नाव. तिघींतल्या एकीनं वाकून ते मोठ्यानं वाचलं. मग सुरेखाकडं पाहिलं. "खरंच व्हय गं?"

सुरेखानं पदरानं पडद्यावरची धूळ पुसली.

"तेव्हा फाईल बाहेर जात नव्हती," साहेबराव तिला म्हणाले. "आता जाती. शिकायचं असंल तर सांगा. मी रविवारी मोकळाच असतो. रविवारी काय, रोजच संध्याकाळी मोकळा असतो."

ती हसली. "घरी या रविवारी. जेवायलाच या. आई लई नाव काढती तुमचं."

मला वाटलं ते नेहमीसारखे गडबडतील आणि नको म्हणतील. त्यांनी स्कूटरला किक मारली, ती लागली नाही, पुन्हा मारली.

"किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.

शहराकडं परतताना ते मान न वळवता म्हणाले, "ताई, जरा वेळ काही इचारू नका." मी विचारलं नाही. पैठण रस्त्याच्या कडेनं नव्या इमारती उठत होत्या. त्यांचे खांदे हलायचे थांबेपर्यंत मी मागं बसून एकेका इमारतीचे मजले मोजत राहिले.