मास्तर गप्प बसतात

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी एका महिन्यात तीन विद्यार्थी रडवले. चौथा भर चौकात गाडी सोडून चालत घरी गेला, तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीने त्यांना ऑफिसात बोलावून घेतलं. स्कूल तिचं होतं. तिचं म्हणणं एवढंच, की तू कुणाला चूक करूच देत नाहीस, आधीच खेकसतोस, मग माणूस शिकणार कसा.

"उद्यापासून जिवावर बेतलं तरच तोंड उघडायचं," ती म्हणाली. "नाहीतर मी दुसरा माणूस बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या आल्या मेट्रनबाई. हॉस्पिटलातून निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं. तीन आठवडे शिकूनही रिव्हर्स काही जमत नव्हता. मास्तर शेजारी बसले, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय अधांतरी धरला आणि ओठ घट्ट मिटले.

पेट्रोल पंपापाशी उजवीकडे वळायचं होतं. बाई डावीकडे वळल्या. मास्तरांनी आलेला शब्द गिळला. रस्ता उतरत उतरत नदीवर गेला. तिथे गाड्यांची रांग होती. बाई शिस्तीत रांगेत लागल्या. रांग फेरीबोटीची होती. बाईंना सिग्नल वाटला असेल, कळेल आपोआप, अशी मास्तरांनी मनाची समजूत घातली. रांग सरकली तशा बाईही सरकल्या. खलाशाने हात केला आणि शेवटची गाडी म्हणून त्या थेट बोटीवर चढल्या. मागे साखळी लागली, भोंगा वाजला. मास्तरांना दरदरून घाम फुटला, पण जिवावर काही बेतलं नव्हतं.

पलीकडच्या काठाला खरी पंचाईत झाली. बोटीला दार एकच, तेही मागे. शेवटी चढलेल्यांनी आधी उतरायचं, म्हणजे उलटं. चार खलाशी चार दिशांना हात करून ओरडू लागले. अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

"सांगा की काहीतरी," बाई म्हणाल्या.

"तुम्हीच बघा," मास्तर कसेबसे म्हणाले.

बाईंनी काच वर केली. पहिल्या खेपेला गाडी कठड्याला बांधलेल्या टायरवर धप्पकन आदळली. बाई पुढे आल्या, आरशात नीट पाहिलं, स्टिअरिंग थोडं उशिरा वळवलं आणि वीतवीतभर मागे सरकत गाडी काठावर आणली.

मग कुणालाही पत्ता न विचारता त्या दोन गल्ल्या ओलांडून एका हिरव्या फाटकापाशी थांबल्या. वीसेक दिवसांचं बाळ खांद्यावर घेऊन एक तरुण मुलगी बाहेर आली आणि 'आई, तू कशी आलीस' म्हणत बघतच राहिली.

मास्तरांनी अखेर तोंड उघडलं. "म्हणजे तुम्ही रस्ता चुकलाच नव्हता?"

"चुकले की, पंपापाशी," बाई म्हणाल्या. "म्हटलं, आता ओरडतील. तुम्ही ओरडला नाहीत. नदी आली तरी ओरडला नाहीत. मग म्हटलं, लेकीकडेच जाऊन येऊ. बघू तरी, हे कुठवर गप्प बसतात."

बाईंनी नातीला मन भरेपर्यंत खेळवलं, मास्तरांच्या मांडीवर ठेवलं आणि त्या लेकीबरोबर आत गेल्या. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. दोन विद्यार्थी तासभर ताटकळलेत, गाडी आहे कुठे, असं ती विचारत होती.

मास्तरांनी आतल्या गप्पांचा अंदाज घेतला. मांडीवरचं बाळ नुकतंच झोपलं होतं.

"शिकवणी चालू आहे," ते हळूच म्हणाले. "बाईंना मध्येच थांबवता येत नाही."