पाऊण इंचाचा रकाना

कोणत्याही संस्थेची प्रगती तिच्या छापील तक्त्यांवरून ओळखावी. या वृद्धसेवा केंद्रात पूर्वी म्हातारी माणसं नुसतीच ओरडत, वस्तू फेकत, हट्टाला पेटत. प्रशिक्षण झाल्यापासून ती 'आव्हानात्मक वर्तन' करू लागली आणि केंद्राची पत एकदम वाढली.

जबरदस्ती न करता माणूस कसा सांभाळावा, हे सेविकांना तीन दिवस शिकवलं गेलं (हजेरी सक्तीची होती). हात ओढायचा नाही, आवाज चढवायचा नाही, समोरचा चिडला तरी चेहरा हसरा ठेवायचा. शेवटी प्रत्येकीला तक्ता मिळाला. त्यात 'वर्तन' हा रकाना चार इंच रुंद, 'आपण काय केलं' तीन इंच आणि 'आधी काय घडलं' पाऊण इंच. पाऊण इंचात 'काही नाही' एवढंच नीट बसतं. पहिल्या महिन्यात दोनशे बारा घटना नोंदल्या गेल्या. त्यांतल्या दोनशे अकरा घटनांच्या आधी काहीही घडलेलं नव्हतं.

उरलेली एक नोंद तळमजल्यावरच्या सेविका मावशींनी केलेली.

त्यांच्याकडचे मास्तर अंघोळीला नेलं की पाण्याचा मग फेकत. तीन नोंदी झाल्या की माणूस वरच्या मजल्यावर जातो, आणि तिथून कुणाला खाली आणत नाहीत. मास्तरांची बायको तळमजल्यावरच, समोरच्या खोलीत. दोघं रोज सकाळचा चहा एकत्र घेत. आधीच्या सेविकेने दोन नोंदी करून ठेवल्या होत्या. तिसऱ्यांदा मग फेकला तेव्हा मावशी गप्प बसू शकल्या असत्या. पण खरं कारण लिहिलं तर कुणीतरी वाचेल, असं त्यांना वाटलं. (अनुभव कमी.)

प्रशिक्षक मॅडमनी बोलावून घेतलं.

"मावशी, पाठीमागच्या पानावर काय हे एवढं?"

"घडलं तेवढंच लिहिलंय मॅडम. अंघोळ चालू असताना आपण दार उघडं ठेवतो. समोरून पाहुणे जातात. मास्तरांना लाज वाटते हो! मी दार लोटलं, बाहेर पाठ करून उभी राहिले, तर मुकाट अंघोळ केली त्यांनी."

"दार सुरक्षेसाठी उघडं असतं. दार हे काही वर्तन नव्हे."

"मग कागद फाडून टाका."

"क्रमांक पडलाय त्याच्यावर," मॅडम हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या.

मास्तर त्याच दुपारी वर गेले. कुणी हात ओढला नाही, आवाज चढवला नाही. चाकाच्या खुर्चीत बसवून लिफ्टचं बटण दाबलं. मावशी जिन्यात उभ्या राहून रडल्या. आपल्याच अक्षराने माणूस गेला, हे त्यांच्या मनातून जाईना.

वर मास्तर पाण्याचा मग फेकत नाहीत. बोलतही नाहीत. अहवालात 'शंभर टक्के सुधारणा' असं आलं आहे. खाली त्यांची बायको चहा पुढे आला की "हे आले का?" म्हणून विचारत राहते. तिच्याही दोन नोंदी झाल्या. (वर बायकांचा विभाग वेगळा आहे.)

या यशामुळे केंद्रात अर्जांची रीघ लागली आहे. मुलं-मुली स्वतः येतात, वरच्या मजल्यावरची शांतता पाहून हरखतात आणि तिथल्या तिथे सही करतात. खाटा कमी पडू लागल्याने आता आगाऊ नोंदणीही घेतली जाते. तुम्ही फक्त तुमची मुलं सध्या कितवीत आहेत तेवढं कळवा. त्या हिशेबाने तुमची खाट धरून ठेवता येईल.