अप्पा बेलिफांचा ताप

आमच्या शेजारच्या अप्पांना कोणी "काय अप्पा, बरे आहात ना?" असं विचारलं, तर ते हातातली काठी उगारीत. अगदी जावयावरसुद्धा. तब्येतीची चौकशी करणं म्हणजे दुखण्याला घरचा पत्ता देणं, असं त्यांचं ठाम मत होतं. "का? मला काय धाड भरली आहे?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि ते अप्पा इतक्या मोठ्यानं देत की नाशिकात गंगेच्या पलीकडे पंचवटीत लोक मागे वळून पाहत.

आवाज ही अप्पांची जन्मभराची कमाई. कोर्टात बेलिफ म्हणून त्यांनी उभी हयात काढली. समन्स बजावायला गेले की गल्लीच्या तोंडाशीच नाव पुकारीत, आणि ज्याचं नाव तो मागच्या दारानं पसार होई. पेन्शनीत निघाल्यावर पुकारायला नावं उरली नाहीत, म्हणून ते घरातल्या वस्तूंनाच पुकारीत. "अडकित्ता! हाजिर हो!" की माई, म्हणजे त्यांची बायको, मुकाट्यानं अडकित्ता आणून पुढ्यात ठेवी. माईंचा आवाज मी पहिली दोन वर्षं ऐकलाच नव्हता. मला वाटायचं, एका घरात आवाज येऊन जाऊन तो किती असणार, तो सगळा अप्पांनी वापरला असेल.

त्यांना एकच मुलगी, कुसुम. खांडव्याला दिली होती. त्या वर्षी तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते आणि कार्तिकात अप्पा जाऊन तिला बाळंतपणाला घेऊन येणार, असं ठरलं होतं. अप्पा कोणाला तसं सांगत नसत. "जरा खांडव्यापर्यंत काम आहे," एवढंच. पण वळकटी दिवाळीच्याही आधीपासून बांधून दारात ठेवली होती. जाता-येता तिला ठेचकाळून आमच्या पायांची नखं गेली.

आणि दिवाळी सरली न सरली तोच गावात उंदीर पडायला लागले.

ज्यांनी प्लेग पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. आज एका घरात उंदीर पडला, उद्या तिसऱ्या घरात माणूस तापलं, परवा अर्धी गल्ली कुलूपबंद. आम्ही गंगापूरच्या रस्त्याला एका पेरूच्या बागेत झोपड्या बांधून राहायला गेलो. मी शाळामास्तर. शाळा बंद, त्यामुळे मला काम नव्हतं. माझी झोपडी अप्पांच्या शेजारी आणि विहिरीपलीकडच्या बांधाला करीमभाई टांगेवाल्याची झोपडी. त्याच्याकडे एक घोडा, एक शेळी, बायको अमीनाबी आणि लेक जैबू. जैबू मालेगावला विणकराच्या घरी दिलेली. तीही बाळंतपणालाच आली होती, आणि रस्ते बंद व्हायच्या आत बरी पोचली होती. अप्पांना हे फार लागलं.

"टांगेवाल्याची पोर वेळेवर येते," ते मला म्हणाले, "आणि आमची आगगाडीवाली अडकते. रेल्वेचा काय उपयोग आहे, मास्तर?"

पोटुशी मुलगी प्लेगच्या गावात आणणं शक्यच नव्हतं. तेव्हा ठरलं असं की अप्पांनी माईंनाच खांडव्याला पोचवायचं. बरोबर डिंकाचे लाडू न्यायचे. पण लाडवांना डिंक हवा, खारीक हवी, तूप हवं, आणि बाजार तर बंद. बागेत मिळायचे फक्त पेरू. आम्ही पेरूची भाजी खाल्ली, पेरूची कोशिंबीर खाल्ली, पेरूचं पंचामृत खाल्लं. शेवटी माझ्या बायकोनं पेरूची आमटी केली, त्या दिवशी मी जेवणावरून उठून नदीकाठी फिरायला गेलो.

अप्पा मात्र रोज सकाळी काठी घेऊन जकातनाक्यावर जाऊन उभे राहत. खेड्यांतल्या गाड्या शिपाई तिथंच अडवीत. आतली माणसं बाहेर नाहीत आणि बाहेरची आत नाहीत. मधे एक दोर बांधलेला. दोराच्या पलीकडून माल ठेवायचा, मागे सरायचं, मग अलीकडच्यानं उचलायचा. एकदा मीही बरोबर होतो. सायखेड्याचा एक गाडीवान तुपाची बरणी घेऊन उभा होता.

"तूप कसलं?" अप्पा गरजले.

"म्हशीचं हाय, बाबा. पण एवढ्या मोठ्यानं नका बोलू, बैल बुजत्यात."

"गाईचं नाही?"

"गाय आटली. लय लांबून आलोय, घेयाचं तर घ्या. कोन आजारी हाय का घरात?"

झालं! काठी वर गेली. "मला काय धाड भरली आहे?" मधे दोर होता म्हणून तो गाडीवान वाचला. तूप मात्र अप्पांनी घेतलं. पुढे सुरगाण्याकडचा एक डोंगरातला माणूस डिंक घेऊन आला, तोही असाच आरडाओरडा करून मिळवला. बागेत कोणी विचारलं, हे सगळं कशाला, तर म्हणत, "मला लाडू खावेसे वाटतात. पेन्शनरानं लाडू खाऊ नयेत असा कायदा आहे?" माईंनी चुलीच्या धगीत बसून लाडू वळले आणि पत्र्याच्या डब्यात भरले. अप्पांनी त्यातला एकही तोंडात टाकला नाही.

आता राहिला प्रवास. प्लेगची लस टोचून घेतल्याचा दाखला असल्याशिवाय स्टेशनात तिकीट देत नसत. टोचायला एक तरुण डॉक्टर बागेत आले. आंब्याखाली टेबल मांडलं. माई पुढे गेल्या, दंड पुढे केला, पदर सारखा केला आणि परत आल्या. मग अप्पांचं नाव पुकारलं. उत्तर नाही. पुन्हा पुकारलं. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांची नावं पुकारली, ते स्वतःचं नाव ऐकून मागच्या दारानं पसार झाले होते! शेवटी ते करीमभाईच्या घोड्यामागे सापडले. घोड्याची शेपूट विंचरीत होते.

"अप्पासाब," करीमभाई म्हणाला, "सुई लई बारीक असते."

"मी सुईला भितो असं कोण म्हणतं?"

"कोनी नाही. पण घोडा घाबरला ना, तुमी असं थरथर करता म्हणून."

तेवढ्यात माई आल्या. नुसत्या उभ्या राहिल्या. अप्पा निमूटपणे त्यांच्या मागून गेले, डोळे मिटून सुई टोचून घेतली आणि मग बाकावर बसून राहिले. पाणी प्यायल्यावर म्हणाले, "लिंबू नाही का यात?"

दुसऱ्या दिवशी करीमभाईनं टांगा जोडला. वळकटी, लाडवांचा डबा, मागे माई, पुढे अप्पा. सामान चढवायला म्हणून मी. नाशिकरोडपर्यंत अप्पा एकही शब्द बोलले नाहीत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. स्टेशनाच्या दारात एक डॉक्टर प्रत्येकाची नाडी पाहत होते. माईंची पाहिली. जा. अप्पांची पाहिली, कपाळाला हात लावला, काखेत चाचपलं.

"तुम्हाला ताप आहे."

"मला? मला काय धाड भरली आहे?"

"तेच पाहतोय," डॉक्टर म्हणाले. "बाजूला उभे राहा."

हा ताप टोचण्याचाच होता. पुष्कळांना येई. पण तापलेल्या माणसाला त्या दिवसांत कोण गाडीत बसू देणार? अप्पांनी दाखला दाखवला. डॉक्टर म्हणाले, "दाखला बरोबर आहे, तापही बरोबर आहे." प्रवास करता यावा म्हणून सुई टोचून घेतली, आणि त्या सुईनंच प्रवास मोडला.

गाडी फलाटाला लागली. अप्पा कठड्याच्या अलीकडून ओरडले, "तू जा! भुसावळपर्यंत बायकांच्या डब्यात बस! पुढे जावई येईल!" माईंनी गाडीकडे पाहिलं. मग डबा उचलला आणि कठड्यातून परत अलीकडे आल्या. गाडी गेली. परतीच्या वाटेवर करीमभाईनं घोड्याला एकदासुद्धा चाबूक लावला नाही.

बागेत आल्यावर दुसरंच संकट. लोक म्हणाले, ताप म्हणजे ताप, खात्री होईपर्यंत वेगळं राहायला हवं. ओढ्याच्या कडेला अशा माणसांसाठी एक झोपडी होती, भोवती दोर बांधलेला. तिथं आधी राहिलेले दोघे परत आले नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पांना तिथं नेलं. ते आतून सारखे ओरडत. पेरूला शिव्या देत, रेल्वेला देत, मला देत. "मास्तर! छत्री! हाजिर हो!" अमीनाबी शेळीचं दूध दोराशी ठेवून येई, त्यावरूनही ओरडत, "हे शेळीचं आहे!" पण आम्ही सगळे त्या ओरडण्याकडे कान लावून असायचो. अप्पांचा आवाज येतोय, म्हणजे अप्पा आहेत.

एके दुपारी आवाज बंद झाला.

भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबले. विहिरीवरचा रहाट थांबला. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. माई चुलीपाशी होत्या. त्या उठल्या, सरळ ओढ्याकडे गेल्या. मी "माई, दोर" म्हणेपर्यंत दोराखालून वाकून पलीकडे गेल्यासुद्धा. आणि मग आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदाच माईंचा मोठा आवाज ऐकला.

"अहो! ओरडा की हो!"

मग आतून, "झोपू तरी द्याल की नाही माणसाला?"

ताप उतरला होता. काखेत गाठ नव्हती, कुठंच नव्हती. माई तिथंच खाली बसल्या आणि पदर तोंडाशी धरून हसल्या की रडल्या ते मला लांबून कळलं नाही.

तरी डॉक्टर पुन्हा येऊन दाखल्यावर सही करीपर्यंत प्रवास नाहीच. डॉक्टर प्लेग ओसरेपर्यंत पुन्हा फिरकलेच नाहीत, आणि मधेच खांडव्याहून तार आली. कुसुमला मुलगी झाली. दोघी सुखरूप. बागेत साखर नव्हती म्हणून आम्ही गूळ वाटला. अप्पा म्हणाले, "ठीक आहे. व्हायचं ते झालं," आणि पेरूच्या झाडांखालून उगाचच दोन फेऱ्या मारून आले. माईंनी दिवसभर कोणाकडे पाहिलं नाही. लेकीच्या पहिल्या बाळंतपणात आई जवळ नव्हती, आणि कोणामुळे नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यावर ते कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही.

दोनेक दिवसांनी दुपारी अमीनाबी बांधापाशी येऊन उभी राहिली. तोंड उतरलेलं.

"माई, जैबूचं पोट दुखतंय. सुईन नाक्याच्या पल्याड हाय, तिला सोडत नाहीत. जैबूचे अब्बा गेलेत, पन कवा येतील..."

माईंनी अप्पांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" अप्पा म्हणाले. "तुला हात नाहीत?"

माईंनी पदर खोचला आणि बांध ओलांडला. अप्पा बाहेर घोड्याशेजारी उभे राहिले. जैबूचं ओरडणं ऐकू येत होतं आणि अप्पा त्या वेळी इतके गप्प होते की घोड्यानंच त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं. उन्हं कलताना बाळ रडलं. मुलगा. माई बाहेर आल्या, हात धुतले. अप्पा झोपडीत गेले, लाडवांचा डबा घेऊन आले आणि अमीनाबीच्या हातात दिला.

"सगळे?" ती म्हणाली. "अप्पासाब, हे तर तुमच्या लेकीचे..."

"खवट होतात. आमच्यानं खाववत नाहीत. बाळंतिणीला रोज एक द्यायचा, आणि गाईच्या तुपाचे नाहीत म्हणून माझ्या नावानं ओरडायचं नाही."

त्यानंतर रोज सकाळी कोवळ्या उन्हात अप्पा बांधापलीकडे दिसू लागले. मला वाटलं, घोड्याकडे जातात. एकदा मी पाणी आणायला गेलो तर ते पाय पसरून बसले होते, मांडीवर बाळ, आणि समोर अमीनाबी त्यांना रागावत होती.

"असं नाही, अप्पासाब! मान! मानेखाली हात घाला. हां. आता दुसरा हात खाली."

"असा?"

"असा. आता घट्ट नका धरू. समन्स नाही ते."

मला पाहून अप्पा दचकले, पण बाळ मांडीवर होतं, काठी उचलता येईना. मग माझ्याकडे न बघताच, मी कधी ऐकला नव्हता इतक्या हलक्या आवाजात म्हणाले, "आमच्या वेळी वडीलधाऱ्यांसमोर बापानं आपलं लेकरू घ्यायचं नसे, मास्तर. लाज वाटायची. आणि मी महिन्यातले वीस दिवस खेड्यापाड्यांतून समन्स वाटत हिंडायचो. कुसुम चालायला लागली, एकदा आपण होऊन पायाला येऊन चिकटली, तेव्हा उचलली. त्याआधी नाही. धरतात कसं हे ठाऊकच नव्हतं."

बाळानं जांभई दिली. अप्पा जांभई संपेपर्यंत हलले नाहीत.

ऊन तापू लागलं तसा प्लेग ओसरला. आम्ही झोपड्या मोडून गावात आलो, घरं धुतली, चुना लावला. फाल्गुनात कुसुम यायची होती. अप्पांनी मला आणि करीमभाईला बरोबर घेतलं. माई घरी पाणी तापवीत थांबल्या होत्या. गाडी आली. कुसुम उतरली, हडकलेली पण हसरी, छातीशी दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. पोर अजून मान धरत नव्हती. अप्पांनी काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात पुढे केले.

कुसुम घाबरली. तिनं वडिलांना कधी लहान मूल घेताना पाहिलंच नव्हतं.

"अप्पा, थांबा, तिची मान अजून..."

"ठाऊक आहे," अप्पा म्हणाले, आणि मानेखाली हात घालून नातीला अलगद उचलून घेतलं. "मला येतं."