साळवेची नववी खोली

साळवेला तुम्ही विचारा, साहेब आले का? तो हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तो म्हणेल, "मला दिसले न्हाईत. आले का न्हाई, माहीत न्हाई." साहेबांची गाडी खिडकीतून ढळढळीत दिसत असते. ती दाखवली की म्हणेल, "गाडी आली. साहेबांचं माहीत न्हाई." नऊ वर्षं मी या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसतोय. या नऊ वर्षांत माझं डोकं उठलं नाही असा कामाचा एक दिवस मला आठवत नाही.

मला साळवेचा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. खालचं सगळं त्या रागातूनच लिहिलंय.

नवीन जालन्यात आमची बियाण्यांची कंपनी आहे. तिच्या आठ थंड खोल्यांचा कारभार माझ्याकडे. पुढच्या हंगामांचं मूळ बियाणं या खोल्यांत असतं. खोली तापली की उगवण गेली, इतका साधा हिशेब. पूर्वी दर दोन तासांनी प्रत्येक खोलीत जाऊन तापमान बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं, असा नियम होता. ते रजिस्टर मी भरायचो. कसं भरायचो तेही सांगतो. संध्याकाळी चहाचा कप डाव्या हातात धरायचा आणि उजव्या हातानं अख्खा दिवस लिहून काढायचा. आठ, आठ, सव्वाआठ, आठ. मधे एखादा सव्वाआठ टाकला की खरं वाटतं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

साळवे कंपनीत कॉम्प्युटरच्या कामाला आला आणि पहिल्याच आठवड्यात ते रजिस्टर चाळत माझ्यापुढे येऊन उभा राहिला. पाच तारखेला दुपारभर लाईट नव्हती, जनरेटरही बंद होता, मग हे आठ कुठून आले, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, अंदाजानं. तो म्हणाला, "माहीत नसंल तर माहीत न्हाई लिहायचं, जाधव. रकाना रिकामा ठेवायचा." त्या दिवसापासून आमचं जे बिनसलं ते बिनसलंच.

पुढे खोल्यांत तापमान नोंदवणारे डबे बसले. साळवेनं इंटरनेटवरून एक फुकट मिळणारा डॅशबोर्ड आणला. सगळ्या खोल्यांचे आलेख एका पडद्यावर दाखवणारा. फक्त अडचण अशी, की आमचे डबे तीन कंपन्यांचे, तीन तऱ्हांचे आणि जुने. त्यांचं बोलणं डॅशबोर्डला कळेना. मधे दुभाष्या पाहिजे. त्या दुभाष्याला प्लगिन म्हणतात आणि तो साळवेनं स्वतः लिहिला. सात महिने लिहीत होता. त्यातले दोन महिने केवळ एका डब्यावर चिडण्यात गेले, कारण तो डबा तारखेत महिना आधी लिहायचा. त्यामुळे सात जूनची खोली सहा जुलैला थंड व्हायची. साळवे टेबलावर हात आपटून विचारायचा की ज्याला आजचा दिवस आधी सांगता येत न्हाई त्यानं डबा कशाला बनवावा. जणू मी बनवला होता.

प्लगिन झाला. आता गप्प बसावं की नाही? नाही. साळवेला तो साऱ्या जगाला वाटायचा होता. ज्याच्याकडे असले जुने डबे आहेत त्यानं फुकट न्यावा. त्यासाठी डॅशबोर्डवाल्यांच्या यादीत नाव लागावं लागतं. ते लोक तपासतात, मग शिक्का देतात. शिक्क्याशिवाय डॅशबोर्ड प्लगिनला आत घेत नाही. त्यांनी तीनदा परत पाठवला. पहिल्यांदा माहितीचं पान नाही म्हणून, दुसऱ्यांदा चित्रं नाहीत म्हणून. तिसऱ्यांदा त्यांच्यातल्या कुणीतरी सभ्यपणे विचारलं, की डब्याकडून आकडा आला नाही तर मागचाच आकडा पुढे धरायची सोय बाकीचे देतात, तुम्ही का देत नाही? साळवेनं उलट लिहिलं की तिला सोय म्हणत नाहीत, थाप म्हणतात. मला वाटलं, संपलं. पण शिक्का मिळाला. कसा मिळाला, हे मला आजही कळलेलं नाही.

मग फोन सुरू झाले. अंबडचा एक मोसंबीच्या कोल्ड स्टोरेजवाला दर आठवड्याला फोन करायचा, की साळवे साहेब, रेघ मधेच तुटून राह्यली. साळवे त्याला आधी झाडायचा. रेघ तुटली म्हणजे डब्यानं आकडा दिला नाही, डबा बघा, वायर बघा, मला काय विचारता. एवढं बोलून झालं की रविवारी मोटरसायकल काढायचा आणि अंबडला जाऊन वायर लावून यायचा. पेट्रोलही घ्यायचा नाही. असल्या माणसावर नीट रागावताही येत नाही, म्हणून जास्त राग येतो.

आणि ती नववी खोली. आमच्या खोल्या आठ. पडद्यावर आलेख नऊ. शेवटचा 'खोली ९'. त्यात रोज सकाळी एक उंचवटा, संध्याकाळी एक उंचवटा, तापमान चाळीसच्या वर. थंड खोली म्हणे. येणाराजाणारा विचारायचा आणि मी तोंडावर पडायचो. साळवेला विचारलं की म्हणायचा, चाचणीचा डबा हाय, राहू द्या.

आता मूळ गोष्ट. गेल्या पावसाळ्यात परदेशी खरेदीदारांची माणसं आमच्या खोल्या बघायला येणार होती. मंगळवारी, दुपारी दोनला. त्याच्या आधीच्या गुरुवारी तीन नंबरच्या खोलीतला डबा साडेतीन तास मुका झाला होता. आलेखात साडेतीन तासांचं भगदाड, आणि त्यांना नेमकं तीन नंबरमधलंच बियाणं पाहिजे. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की जाधव, ती रेघ जोडून घ्या. मी साळवेला सांगितलं. साळवे म्हणाला, ते साडेतीन तास आपल्याला माहीत न्हाईत. मी म्हटलं, अरे, आधी आठ होतं, नंतर आठ होतं, मधे काय चुलीवर ठेवली होती का खोली? तो म्हणाला, माहीत न्हाई.

साहेबांनी मला आत घेऊन दार लावलं आणि सांगितलं की मंगळवारी ती रेघ अखंड दिसली नाही तर साळवेनं बुधवारी यायची गरज नाही. तुम्हीही विचार करा, असंही म्हणाले.

मी विचार केला. मंगळवारी सकाळी साळवेच्या आधी ऑफिसात गेलो. प्लगिन त्याचा असला तरी डॅशबोर्ड काही त्याच्या मालकीचा नव्हता. त्यात शोधलं तर तुटक रेघा जोडायची सोय सापडली. एकाच आलेखाला लावली असती तर साळवेच्या नजरेत आलं असतं, म्हणून सगळ्या नऊ आलेखांना लावून टाकली. रजिस्टर भरणारा हात तो. तीन नंबर झकास दिसायला लागला. मी चहा मागवला. साळवेची नोकरी मी वाचवली होती आणि ते त्याला कधी कळणारही नव्हतं, याचं मला जरा वाईटही वाटत होतं.

साळवे दहाला आला. भांडणाच्या तयारीत मी बसलो होतो, पण त्यानं तीन नंबरकडे पाहिलंच नाही. तो सरळ नऊकडे गेला. काल दुपारपासून आज सकाळी नऊपर्यंत सपाट रेघ. संध्याकाळचा उंचवटा नाही, सकाळचा नाही. त्यानं कुणाला तरी फोन लावला. विचारलं, जेवलीस का? पलीकडून काहीतरी उत्तर आलं. फोन ठेवून तो तसाच पडद्याकडे बघत राहिला, मग हेल्मेट उचललं आणि निघाला. दोन वाजता पाहुणे आणि हा निघाला. साहेब जिन्यातून ओरडले की जाधव, पकडून आणा त्याला. मी पळत जाऊन त्याच्या मागच्या सीटवर बसलो. पकडायची दुसरी रीत मला सुचली नाही.

अंबडपर्यंत मी मागून त्याच्या हेल्मेटवर ओरडत होतो. अंबड सोडल्यावर तो पहिल्यांदा बोलला. नववी खोली म्हणजे शहागडला त्याच्या आईचं स्वयंपाकघर. वडील गेल्यापासून ती एकटी. जालन्याला यायला तयार नाही. फोनवर कधीही विचारा, जेवले, बराबर हाय, एवढंच म्हणणार. म्हणून भंगारात निघालेला एक डबा त्यानं दुरुस्त करून गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर ठेवला होता. शेगडी पेटली की उंचवटा. "आत्ता म्हणली, भाकरी केली. अन् कालपसून शेगडीच पेटली न्हाई."

मी म्हटलं, गाडी थांबव.

रस्त्याच्या कडेला उभं राहून मी त्याला सांगितलं की रेघा मी जोडल्या, सगळ्या, नववीपण. त्यानं हेल्मेट काढलं. मला वाटलं, आता हा मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. बाजूनं दोन ट्रक गेले तोवर तो माझ्याकडे बघत होता.

"म्हणजे शेगडी पेटली न्हाई असं न्हाई," तो म्हणाला. "आकडाच आला न्हाई. म्हणजे माहीत न्हाई."

मी म्हटलं, तेच ना, लाईट गेली असेल, चल माघारी, दोनला पाहुणे आहेत.

"जाधव, भगदाड कशासाठी असतं? माहीत न्हाई म्हणल्यावर जाऊन बघावं लागतं. म्हणून तर तुम्ही लोक रेघ जोडता. जायला नको." एवढं बोलून त्यानं गाडीला किक मारली. मी गुपचूप मागे बसलो.

म्हातारी ओट्यावर बसली होती. धडधाकट, फक्त मनगटं वाळलेली. ती मला म्हणाली, "बस लेकरा." साळवे आत गेला आणि सिलिंडर हलवून बघून बाहेर आला. रिकामा होता. पातेल्यात पाणी होतं, भाकरीची परात कोरडी होती. पिठाच्या डब्यावरची धूळ मीपण पाहिली.

मग म्हातारीच सांगायला लागली. तिला त्या डब्याचं केव्हाच कळलं होतं. "तू तिकडून बघतो म्हणून सकाळ-संध्याकाळ शेगडीवर पाणी ठिवते. तुला बरं वाटतं. एकटीसाठी काय भाकरी थापायची? चहात बिस्किट खाते. काल टाकी संपली. आता पेटली न्हाई असं दिसलं तर जीव टांगून बसशील, म्हणून वायर काढून ठिवली. सकाळची येळ टळल्यावर परत लावली."

"कवापसून?" साळवेनं विचारलं.

"बुद्ध पौर्णिमेपसून."

तीन महिने. तीन महिने रोज दोन उंचवटे. मी ते पाहिले होते, त्यानं पाहिले होते. एकाही आकड्यात खोट नव्हती, एकही रेघ जोडलेली नव्हती, आणि सगळे उंचवटे नुसत्या पाण्याचे होते. मला इतका संताप आला की मी अंगणात जाऊन उभा राहिलो. साळवेवर नाही, म्हातारीवर नाही. चहाचा कप डाव्या हातात धरून अख्खा दिवस लिहिणारा माणूस आठवला.

तिथूनच साहेबांना फोन केला. म्हटलं, तीन नंबरची रेघ खोटी आहे, मी जोडलीय, साळवेचा संबंध नाही. पाहुण्यांना सांगा की ते साडेतीन तास आम्हाला माहीत नाहीत. साहेब जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाहुण्यांनी उगवणीची तपासणी मागितली, पोत्यांतून नमुने नेले आणि पंधरा दिवसांनी माल घेतला. साळवेची नोकरी राहिली. माझी बढती गेली. जाऊ दे.

मी आत आलो तेव्हा साळवे शेजारच्यांचा सिलिंडर लावून पिठलं घोटत होता. गुठळ्या झाल्या होत्या. म्हातारी त्याच्याकडे बघत होती.

"रागावलास?" तिनं विचारलं.

साळवे पातेल्यातच बघत राहिला. "माहीत न्हाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मधेच तुटला.

नववी खोली अजून पडद्यावर आहे. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी तिच्यात भलामोठा उंचवटा येतो, कारण त्या दिवशी साळवे तिथे असतो. इतर दिवशी शेजारणीकडून जेवणाचा डबा येतो, रेघ सपाट राहते आणि त्याचं साळवेला काही वाटत नाही. मी त्याला दिवसातून एकदा तरी विचारतो, आई कशा आहेत? हो म्हणायचं, बऱ्या आहेत म्हणायचं, की संपलं. पण नाही.

"सकाळी बोललो तवा बरी होती," तो म्हणतो. "आत्ताचं माहीत न्हाई."

आणि माझ्या डोळ्यांदेखत काम अर्धवट टाकून पुन्हा फोन लावतो.